पाच महिन्यांचे अंतर

'कूळ' हा शब्द आम्ही लहानपणी दोन अर्थांनी ऐकला. देवघरात कुळाचार, कुळदैवत असे शब्द येत, तेव्हा कूळ म्हणजे आपला वंश, आपली थोर माणसे. ओसरीवर मात्र आजोबा "आज दोन कुळे यायची आहेत" असे म्हणत, तेव्हा कूळ म्हणजे पायरीखाली चपला काढून उभा राहणारा, आमच्या जमिनीत राबणारा आणि सुगी झाल्यावर भाताची पोती आणून घालणारा माणूस. एकाच घरात एकच शब्द देव्हाऱ्यात वर बसे आणि ओसरीवर खाली उभा राही. जुन्या कोशांत त्याचा आणखी एक अर्थ सापडतो, तो म्हणजे सावकाराचा ऋणको. कसणारा आणि कर्जदार या दोघांना मराठीने एकच नाव का द्यावे, याचा विचार आम्ही वकिली सुरू करून बरीच वर्षे झाल्यावर करू लागलो. आणि त्याला निमित्त झाले एका कागदाचे.

गेल्या श्रावणातल्या एका सोमवारी सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ आमच्या कचेरीत आले. बरोबर महाविद्यालयात शिकणारा नातू होता. गृहस्थांच्या हाती बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा आणि त्यात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला घडीचा कागद.

"वकीलसाहेब, ह्यो आमच्या जमिनीचा कागद. मोडी हाय म्हणत्यात. आमच्या बानं मरताना सांगितलंतं, ह्यो सोडू नका. तुम्हास्नी मोडी येती म्हणून कळलं. वाचून सांगा की."

आम्हाला मोडी येते ती आजोबांमुळे. उन्हाळ्याच्या सुट्टीत रोज एक पान वाचून दाखविल्याशिवाय ते आम्हाला खेळावयास सोडीत नसत. आम्ही कागद उलगडला आणि मजकुराकडे नजर जाण्याआधी खालची सही दिसली. ती आजोबांचीच होती.

कागदात काय होते ते पुढे सांगू. त्या कागदापर्यंत आलेली वाट आधी सांगणे भाग आहे. ती एकट्या आमच्या घराची वाट नव्हे. बडोद्यात, इंदुरात, हैदराबादेत वसलेल्या आमच्या वाचकांच्या घरांतही जुन्या ट्रंका असतील, आणि त्यांतल्या कागदांना याच वाटेची माती लागलेली असेल.

पेशवाई १८१८ साली संपली. त्याच वर्षी मुन्रोने बेळगावचा किल्ला घेतला. पुढल्या वर्षी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने जिंकलेल्या मुलखाचा जो अहवाल लिहिला, त्यात देशावरील कसणाऱ्यांचे दोन वर्ग नोंदलेले आहेत. एक मिरासदार, दुसरा उपरी. मिरास हा वारसा या अर्थाचा अरबी शब्द. मिरासदाराचा जमिनीवरचा हक्क पिढीजात होता. सारा भरीत राहिला तोवर त्याला कोणी उठवीत नसे, आणि गावाच्या कारभारात त्याचा शब्द असे. उपरी बाहेरून आलेला. त्याला कसावयास जमीन मिळे, पण तीवर त्याचा हक्क बसत नसे. आज नकोशा पाहुण्याला आपण 'उपरा' म्हणतो तेव्हा आपल्या ध्यानातही येत नाही की हा एके काळी गावच्या दप्तरात जमीन कसणाऱ्यांस उद्देशून लिहिला जाणारा शब्द होता.

कृष्णेच्या दक्षिणेस, म्हणजे आमच्या भागात, मिराशीपेक्षा इनामे आणि वतने यांचा पसारा मोठा. देसाई, देशपांडे, कुलकर्णी, पाटील, देवस्थाने, मठ, मशिदी, शिलेदार, वैद्य, पुराणिक, सर्वांना काही ना काही तोडून दिलेले होते. कंपनी सरकारला हे उत्पन्न हातचे जात असल्यासारखे वाटू लागले आणि इनामांची चौकशी सुरू झाली. ती आरंभी सुरू झाली ती इकडेच, दक्षिण मराठा मुलखात, १८४३ साली. पुढे १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला रीतसर अधिकार मिळाले. कमिशनचा प्रश्न एकच असे, सनद आहे काय? ज्याच्यापाशी सनद होती, जिची नक्कल पुण्याच्या दप्तरात सापडत होती, त्याचे इनाम टिकले. ज्याचा कागद वाळवीने खाल्ला होता किंवा लुटीत गेला होता, त्याचे गेले. इनामदारांच्या या दुःखाविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. १८५८ साली नरगुंदकर भावे यांनी शस्त्र उचलले त्यामागे दत्तकाची नामंजुरी होती तशी ही धुसफूसही होती. मात्र इनामदाराच्या खाली जो प्रत्यक्ष नांगर धरीत होता त्याला कमिशनने काहीच विचारले नाही. त्याच्याजवळ सनद असण्याचा प्रश्नच नव्हता. त्याच्याजवळ फक्त वहिवाट होती, आणि नव्या राज्यात वहिवाटीपेक्षा कागद वरचढ ठरत चालला होता.

त्यानंतर आली रयतवारी मोजणी. १८३५ साली इंदापुरात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी जी पद्धत बसविली ती शतकाच्या मध्यास आमच्याकडे पोहोचली. जमिनीचे सर्व्हे नंबर पडले, प्रत्येक नंबराला आकार ठरला आणि आकार भरणाऱ्याचे नाव खातेदार म्हणून चढले. शेतकऱ्याला मध्यस्थाच्या जाचातून सोडविणारी पद्धत म्हणून हिची प्रशंसा होते आणि ती खोटी नाही. अभिजित बॅनर्जी आणि लक्ष्मी अय्यर या अर्थशास्त्रज्ञांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात असे दाखविले आहे की जेथे इंग्रजांनी जमीनदारी बसविली तेथल्या जिल्ह्यांपेक्षा रयतवारीसारख्या पद्धतीचे जिल्हे स्वातंत्र्यानंतरही शेतीतील गुंतवणुकीत आणि पिकाच्या उताऱ्यात पुढे राहिले. त्या हिशेबात मुंबई इलाखा, म्हणजे आपण, भाग्यवानांच्या रांगेत बसतो. जिल्ह्याची जिल्ह्याशी तुलना करताना हे मान्यच केले पाहिजे. गावाच्या वेशीच्या आत शिरले की चित्र बदलते. खातेदार एक, कसणारे चार, अशी जेथे स्थिती होती तेथे एकाचे नाव चढले आणि चौघे त्याची कुळे झाली.

शिवाय खातेदाराला मिळालेला हक्क विकता येणारा होता. विकता येतो म्हणून तो गहाण ठेवता येऊ लागला, आणि गहाण ठेवता येतो म्हणून सावकार कर्ज देऊ लागला. पूर्वीचा सावकार पिकावर कर्ज देई, आता तो जमिनीवर देऊ लागला. त्यात १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जरोख्याची मुदत तीन वर्षांवर आणली. ऋणकोच्या संरक्षणासाठी आलेल्या या तरतुदीचा परिणाम असा झाला की दर तीन वर्षांनी सावकार थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेऊ लागला. कायदा करणाऱ्याच्या मनात एक असते आणि कायद्याचा कागद ज्याच्या हाती पडतो तो त्याचे दुसरेच करतो, याची उदाहरणे आम्हाला तीस वर्षांच्या वकिलीत पुष्कळ भेटली; पण इतके स्वच्छ उदाहरण क्वचितच. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, धारवाडकडचा कापूस सोन्याच्या भावाने विकला गेला, सर्वांनी हात सैल सोडला. युद्ध संपले, भाव कोसळले, रोखे तेवढे राहिले. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे लोकांनी सावकारांच्या घरातून रोखे आणि गहाणखते बाहेर काढून जाळली. दंगेकऱ्यांचा रोख माणसांपेक्षा कागदांवर अधिक होता, ही गोष्ट आम्हाला फार बोलकी वाटते. निरक्षर माणसाला आपले दुखणे नेमके कोठे आहे ते कळले होते. १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला, तोही प्रथम पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांपुरता.

आमच्या घरच्या ट्रंकेत त्याच दशकातली चार गहाणखते आहेत. शेवटचे खत आणि पहिला कोर्टाचा हुकूमनामा यांत सहा वर्षांचे अंतर आहे. ज्याने गहाण ठेवले त्याच्याच नावाची कबुलायत हुकूमनाम्याला टाचलेली आहे. आपलीच जमीन आमच्या खापरपणजोबांकडून खंडाने कसण्याचे त्याने लिहून दिले आहे. खातेदार होता, ऋणको झाला, मग खंडकरी. कूळ या शब्दाचे दोन अर्थ एकाच माणसाच्या आयुष्यात कसे एकत्र आले ते त्या टाचणीला विचारावे. आमच्या जिल्ह्यात आजही बड्या पुढाऱ्याला आदराने 'साहुकार' म्हणतात, मराठीतही आणि कानडीतही. हाक मारणाऱ्याच्या मनात व्याज नसते, पण शब्द आपली जुनी वही विसरत नाही.

येथे एक गोष्ट सांगून टाकू. ती चळवळीतल्या आमच्या काही मित्रांना रुचणार नाही. इंग्रजी अमलाच्या पहिल्या दशकांत धारवाड-बेळगावकडचे महसुली दप्तर मराठीत, मोडी लिपीत चालत असे, आणि रयत बहुतांशी कानडी बोलणारी. ज्या भाषेत त्याची जमीन लिहिली जात होती ती त्याला वाचता येत नव्हती. आज बेळगाव, खानापूर, निपाणीतला मराठी शेतकरी तहसील कचेरीत कानडी उतारा हाती घेऊन "यात काय लिहिलंय हो?" असे विचारीत उभा असतो, तेव्हा आम्हाला राग येतो आणि तो रास्तही आहे. पण त्या ओळीत त्याच्या पुढे, दीडशे वर्षांपूर्वी, एक कानडी कुळवाडी असाच मोडी कागद हाती घेऊन उभा होता, आणि कागद लिहिणारा आमच्यापैकी कोणीतरी होता. हैदराबाद संस्थानात हेच फारसीने आणि १८८४ नंतर उर्दूने मराठवाड्यातील मराठी, कलबुर्गीतील कानडी आणि तेलंगणातील तेलुगू रयतेचे केले. ज्याला दप्तराची भाषा येते त्याच्या हाती गावाचे उत्पन्न जाते.

आणि ज्यांचे नाव दप्तरात कुळ म्हणूनही चढले नाही, त्यांचे काय? महार वतनाची हाडकी-हाडोळा जमीन म्हणजे अहोरात्र सरकारी आणि गावकीच्या चाकरीचा मोबदला. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात या वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचे विधेयक मांडले. वतन कायद्याने जावयास आणखी तीस वर्षे लागली. म्हैसूर राज्यात १९६१ चा कायदा यावा लागला. हा विषय स्वतंत्र लेखाचा आहे, येथे ओझरता सांगून चालणार नाही.

आता ओढ्याकडे येऊ. बेळगावहून वेंगुर्ल्याच्या रस्त्याने उचगावचा फाटा ओलांडून शिनोळी आली की राज्य बदलते. त्या टापूत एका ओढ्याच्या दोन्ही अंगांना आमच्या आजोबांची जमीन होती. अलीकडे तीन एकर, पलीकडे सव्वादोन एकर, दोन्ही भाताची. कसणारे दोघे सख्खे भाऊ. एकाच दिवशी लिहिलेल्या दोन कबुलायती, एकच खंड, एकच माप. थोरला अलीकडे, धाकटा पलीकडे. जेवणाची भाकरी एकाच बांधावर सुटत असे.

स्वातंत्र्यानंतर १९४८ साली मुंबईचा कुळकायदा आला. तोवर अलीकडे-पलीकडे हा भेद नव्हताच, कारण चंदगड हा बेळगाव जिल्ह्याचाच तालुका होता. १९५६ साली या कायद्यात मोठी दुरुस्ती झाली आणि ठरले की १ एप्रिल १९५७ रोजी, म्हणजे कृषक दिनी, कसणारे कूळ जमिनीचे मालक झाले असे मानले जाईल. जमीनमालकाला स्वतः कसण्यासाठी जमीन परत हवी असेल तर ३१ डिसेंबर १९५६ पर्यंत नोटीस आणि ३१ मार्च १९५७ पर्यंत अर्ज. किंमत आकाराच्या वीस पटींहून कमी नाही, दोनशे पटींहून अधिक नाही, आणि तीही हप्त्यांनी. कायद्याच्या पुस्तकांत याहून क्रांतिकारक वाक्ये थोडीच असतील, आणि ती मुंबई राज्याच्या रुक्ष राजपत्रात छापली गेली.

मध्येच १ नोव्हेंबर १९५६ उजाडला. राज्य पुनर्रचना कायद्याने बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्याला दिला, 'चंदगड तालुका वगळून'. हे तीन शब्द आम्ही विद्यार्थी असताना सीमाप्रश्नाच्या संदर्भात शंभरदा वाचले होते. त्यांचा ओढ्याच्या दोन काठांवर काय परिणाम झाला याचा विचार तेव्हा मनात आला नाही. ओढा राज्याची सीमा झाला. पलीकडे पाच महिन्यांनी कृषक दिन आला. अलीकडे तो आला नाही. म्हैसूर राज्याने १९५७ सालीच कायदा करून मुंबई कुळकायद्यातील या तरतुदी स्थगित केल्या, सर्व राज्यासाठी एकच जमीन कायदा करावयाचा म्हणून. तो १९६१ साली संमत झाला, अमलात आला २ ऑक्टोबर १९६५ रोजी, आणि त्याला खरे दात फुटले ते देवराज अर्स यांच्या कारकिर्दीत, १ मार्च १९७४ पासून, जेव्हा कुळांच्या ताब्यातील सर्व जमीन सरकारजमा झाली आणि कुळांनी ती मागून घ्यावी असे ठरले. म्हणजे जे पलीकडे १९५७ साली झाले ते अलीकडे सतरा वर्षांनी. आणि ही सतरा वर्षे केवळ मराठी कुळांनीच गमावली असे समजू नये. बैलहोंगल आणि सौंदत्तीच्या कानडी कुळांनीही तितकीच गमावली. त्यांच्या दुःखाला सीमाप्रश्नाचे नाव मिळाले नाही, एवढाच फरक.

सतरा वर्षे म्हणजे जमीनमालकाला पुरेसा अवधी. आमच्या आजोबांची पलीकडची जमीन कृषक दिनी गेली. मुदतीत नोटीस का दिली नाही ते घरात कोणी सांगत नाही. आमचा समज असा की असले काही खरोखर होईल यावर त्यांचा विश्वासच बसला नसावा. कलम ३२-गची चौकशी होऊन किंमत ठरली, धाकट्या भावाने हप्ते फेडले, सातबारावर त्याचे नाव चढले. आजोबा व्यवहारी होते. पलीकडे जे झाले ते अलीकडे होऊ द्यावयाचे नाही, हे त्यांनी ठरविले. पत्र्याच्या डब्यातला कागद १९५८ सालचा आहे.

तो राजीनामा आहे. आजकाल मंत्री देतात तो नव्हे. कुळाने जमिनीवरचा आपला हक्क मालकाला सोडून देण्याचा. आम्ही तो त्या गृहस्थांना वाचून दाखविला, एकेक ओळ, थांबून थांबून. सदरहू सर्व्हे नंबर आपले मालकीचा असून मी कूळ या नात्याने कसीत होतो. आता माझे प्रकृतिमानामुळे मला कसणे होत नाही. सबब राजीखुषीने ताबा आपणांस दिला असे. यापुढे त्या जमिनीत मी काम करीन ते मजुरीने करीन. खाली आजोबांची वळणदार सही आणि डावीकडे शाईत उमटलेला एक अंगठा.

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "बा तर मरेपर्यंत नांगर धरत होता की. प्रकृती कसली?"

मुंबई कुळकायद्याच्या कलम १५ प्रमाणे असा राजीनामा लेखी तर हवाच, पण मामलेदारासमोर त्याची पडताळणीही व्हावी लागे, की कुळाने तो समजून उमजून दिला आहे. या कागदावर मामलेदाराची खूण नाही. १९७४ नंतर सात नंबरचा फॉर्म भरून भू-न्यायमंडळापुढे कोणी हा मुद्दा मांडला असता तर तो लढण्यासारखा होता. पण प्रत्यक्ष कसणारा उताऱ्यावर मजूर म्हणूनही नव्हता. तेथे आजोबांची 'खुद्द' वहिवाट लागली होती. फॉर्म भरण्याची मुदत वाढत वाढत ३० जून १९७९ पर्यंत आली आणि संपली. त्यांनी फॉर्म भरला नाही. कशाला भरतील? जमिनीचा कागद डब्यात होता. ज्या कागदाने जमीन गेली तोच कागद ती आपली असल्याचा पुरावा म्हणून त्या घराने सहा दशकांहून अधिक काळ जपला. भू-न्यायमंडळासमोर वकिलांना मज्जाव होता. बड्यांचे वकील गरिबाला गुंडाळतील ही भीती त्यामागे होती आणि ती अनाठायी नव्हती. १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने तो मज्जाव रद्द केला. पण वकील नसतो तेव्हा मोडी वाचून दाखविणाराही नसतो, हे कायदा करणाऱ्यांच्या ध्यानात आले नसावे.

पलीकडच्या धाकट्याच्या घराची हकीकत थोडक्यात सांगता येते. सातबारावर नाव, म्हणून सोसायटीचे कर्ज. कर्जातून विहीर आणि मोटर. पाणी आले म्हणून ऊस. ऊस आला म्हणून साखर कारखान्याचा भाग. डोंगराच्या बाजूस काजू. एक नातू पुण्यात अभियंता आहे. कृषक दिनाने सर्वांचे असे झाले नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. चंदगड आणि गडहिंग्लजमध्येही खोटे राजीनामे घेतले गेले, हप्ते थकून हक्क गेले, मालक विधवा किंवा अज्ञान असल्यामुळे प्रकरणे वर्षानुवर्षे लांबली. या एका घराचे मात्र झाले. अलीकडचा थोरला आमच्याकडे मजुरी करीत वारला. आमच्याकडे आलेले गृहस्थ त्याचे चिरंजीव. उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत त्यांनी एकोणतीस वर्षे साचे भरले, कायम झाले ते शेवटच्या नऊ वर्षांत. राज्ये आणि तालुके यांच्या मागासलेपणाची मोजदाद आपल्याकडे चांगली झाली आहे. दांडेकर समितीने १९८४ साली महाराष्ट्राचा अनुशेष मोजला, २००२ साली नंजुंडप्पा समितीने कर्नाटकातील एकशे चौदा तालुके मागास ठरविले. ओढ्याच्या दोन काठांवरच्या चुलत भावांचा अनुशेष मोजावयास कोणती समिती नेमावी, हे आम्हाला कळत नाही.

अलीकडची तीन एकर जमीन आमच्या वडिलांनी १९८९ साली विकली. आम्ही तेव्हा महाविद्यालयात होतो. पुढे कायद्याची पदवी, वसतिगृहाचा खर्च, वकिलीची पहिली पुस्तके आणि ज्या कचेरीत तो कागद उलगडला गेला तिची पागडी, हे सारे त्या पैशातून झाले. घरात ही गोष्ट नेहमी कौतुकाने सांगितली जाई, की आजोबांनी राखून ठेवली म्हणून नातू वकील झाला. आम्हीही ती सभांतून सांगितली आहे.

आम्ही त्या गृहस्थांना सर्व सांगितले. सही कोणाची तेही सांगितले. आम्ही तुमचे वकील म्हणून उभे राहू शकत नाही, दुसऱ्या वकिलांचे नाव देऊ शकतो. पण मुदत, विक्री, मधले खरेदीदार हे पाहता कोर्टातून काही हाती लागेल असे वाटत नाही, हेही सांगितले. नातवाचा चेहरा लाल झाला होता. म्हातारबाबांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. आमच्याकडे पाहून म्हणाले, "सही बघूनच कळलं काय तुम्हास्नी?" आम्ही हो म्हटले. "मग मधलं वाचताना आवाज का कापला न्हाई?" याला आमच्यापाशी उत्तर नव्हते. कोर्टात आम्ही अशा शेकडो कागदांचे वाचन केले आहे. सवयीचा आवाज लागला होता.

घरी आल्यावर आम्ही थोरल्या बंधूंना दूरध्वनी केला. आजोबांनी त्या काळच्या रीतीप्रमाणे केले, सगळेच करीत होते, असे ते म्हणाले. ते खरे आहे. आमच्या वाट्याच्या पैशाविषयी आम्ही जे सुचविले त्यावर अजून त्यांचे उत्तर आलेले नाही.

पुढल्या आठवड्यात म्हातारबाबा पुन्हा आले, एकटेच. कागदाची सुवाच्य नक्कल करून द्या म्हणाले. आम्ही देवनागरीत करून ठेवली होती, ती पुढे केली. त्यांनी ती हातात घेतली, उलटसुलट पाहिली आणि परत दिली.

"पोराला हे वाचता येत न्हाई ओ. त्याची शाळा कानडी. कानडीत पण लिहून द्या."

आमचे कानडी कोर्टापुरते आहे. कारकुनाला बाजूस बसवून दुपारभर तो राजीनामा आम्ही कानडीत उतरविला. 'कूळ' या शब्दापाशी थोडे अडलो. कारकुनाने 'गेणीदार' लिहिले आणि पुढे गेला. दोन्ही नकलांवर आमची सही आणि शिक्का करून त्या मूळ कागदासह डब्यात ठेवल्या. डब्याचे झाकण नीट बसत नव्हते. म्हातारबाबांनी खिशातून रबर काढून त्याला गुंडाळले.